तो रोपवे नाही, आणि त्याला वीजही लागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या सहलीवर जो लेख आलाय त्यात डेव्हनमधल्या लिंटन-लिनमथच्या कड्यावरच्या रेल्वेला ‘समुद्रकाठचा विजेवर चालणारा रोपवे’ म्हटलंय. एका ओळीत दोन चुका. एरवी मी पत्रंबित्रं लिहायच्या भानगडीत पडत नाही, पण माझी अख्खी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, टाक्या आणि व्हॉल्व्ह सांभाळत, आणि ही गाडी नुसत्या पाण्याच्या वजनावर चालते म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी रोपवेचं. रोपवेत डबा हवेत लटकतो, इथे डबे रुळांवर आहेत. वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ ला जी ट्रॉली सुरू झाली ती ज्यांनी पाहिलीय त्यांना लगेच कळेल (तिलाही लोक सर्रास रोपवेच म्हणतात, काय करणार). फरक एवढाच की आपल्या वणीला ओढायला मोटर आहे आणि लिंटनला मोटरच नाही.

मुलगी ब्रिस्टलला असते त्यामुळे आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा मी ते नीट बघितलंय. विहिरीच्या कप्पीवरून दोराच्या दोन्ही टोकांना घागरी बांधल्या तर जड घागर खाली जाते आणि हलकी वर येते, तेच. वर एक डबा खाली एक डबा, दोघं केबलने कायमचे बांधलेले, आणि प्रत्येकाच्या पोटाखाली ७०० गॅलनची टाकी, म्हणजे साधारण ३,२०० लिटर. आपल्याकडच्या १० हजार लिटरच्या टँकरमध्ये अशा तीन टाक्या बसतील. वरच्या डब्याची टाकी भरलेली असते, खालचा ड्रायव्हर आपल्या टाकीतलं पाणी सोडून देतो, वरचा जड झाला की ब्रेक सोडायचे आणि दोन्ही डबे एकदम निघतात. मधोमध रूळ जरा लांब लांब केलेत, तिथे एकमेकांच्या बाजूने जातात. वेग काय तो ब्रेकवर. ते ब्रेकही पाण्याच्या दाबावर चालणारे, तेलावर नाही, आणि त्याचं पेटंट १८८८ सालचं! मी तीन खेपा नुसता टाकीकडे बघत उभा, शेवटी बायको म्हणाली, अहो रिटायर झालात ना.

बरं हे केलं कशाला तर लिनमथ खाली समुद्राला लागून आणि लिंटन वर कड्यावर, मध्ये सुमारे ५०० फुटांचा चढ. कोळसा, धान्य सगळं बोटीने लिनमथला उतरायचं आणि तिथून घोड्यांच्या पाठीवर नाहीतर गाड्यांतून वर. बोटीने येणाऱ्या टुरिस्टांचीही तीच दमछाक. मग जॉर्ज न्यून्स नावाच्या प्रकाशकाने, ‘टिट-बिट्स’ साप्ताहिकवाले तेच, पैसा घातला, जॉर्ज क्रॉयडन मार्क्स या इंजिनियरने डिझाइन केलं, गावातल्याच बॉब जोन्सने बांधकाम बघितलं आणि १८९० च्या ईस्टरला गाडी सुरू झाली. रूळ ८६२ फूट, आणि चढ म्हणाल तर पावणेदोन फूट पुढे गेलं की एक फूट वर. तीच गाडी आजही चालते.

आता माझ्या आवडीचा भाग. पाणी येतं कुठून? वेस्ट लिन नदीतून पाइपने, सगळं ग्रॅव्हिटीवर, पंप नाही, आणि खाली सोडलेलं पाणी समुद्राला. रोज ६०,००० गॅलन, म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी घ्यायचा कायमचा हक्क त्यांनी पार्लमेंटच्या कायद्यानेच मिळवून ठेवलाय. याला म्हणतात दूरदृष्टी. नाहीतर सॉल्टबर्नची लिफ्ट बघा, यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरची, १८८४ ची, तीही पाण्यावर चालणारी आणि तीही मार्क्सचीच, पण तिथे वर नदी नाही त्यामुळे खाली आलेलं पाणी पंपाने परत वर चढवावं लागतं. म्हणजे शेवटी वीजबिल आलंच! तुमच्या लेखात ‘विजेवर चालणारी’ सॉल्टबर्नला म्हटलं असतं तर मी अर्धे मार्क दिले असते.

या नदीचं दुसरं रूपही लेखात यायला हवं होतं. ऑगस्ट १९५२ मध्ये एक्समूरच्या माळावर एका दिवसात नऊ इंच पाऊस झाला, दोन्ही लिन नद्या रात्रीतून लिनमथवर आल्या आणि ३४ माणसं गेली. लेखात गाव ‘चित्रासारखं’ आहे एवढंच लिहिलंय.

दुरुस्ती छापणार असाल तर ‘कड्यावरची रेल्वे’ एवढं लिहिलंत तरी चालेल, अशा गाडीला फ्युनिक्युलर म्हणतात, पण तो शब्द माझ्या तोंडात अजून नीट बसत नाही. आणि लेखिका परत जाणार असतील तर त्यांना सांगा, खाली उतरल्यावर लगेच आइस्क्रीमच्या लाइनीत पळू नका, पाच मिनिटं थांबा, डब्याखालून पाणी सोडतात ते बघायचं असतं.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक