पंखा बंद केल्याबद्दल, काका, थँक्यू

काका,

तुम्ही मोबाईलवर फार वाचत नाही म्हणालात, पण तुमचा भाचा हे वाचून दाखवेल अशी आशा आहे. त्या दिवशी दुकानात मला धड बोलता आलं नाही, घसाच दाटून आला होता आणि तुम्ही तर लगेच पुढच्या गिऱ्हाईकाचा मिक्सर उघडायला घेतलात. म्हणून आता लिहितेय.

तुमच्याकडे यायच्या आधीचे दोन महिने काय गेले ते सांगते. मी घरी बनवत होते दोन ट्रान्झिस्टरचं साधं फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी पायाने दाबायची डबी, सगळे पार्ट एका वाटीत मावतील एवढेच, पण आयुष्यात पहिल्यांदा हातात सोल्डरिंग आयर्न धरलेलं. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट मिळतात त्या लॅमिंग्टन रोडला गेले तर एका काउंटरवर पहिला प्रश्न काय, "मॅडम, मुलाचं प्रोजेक्ट आहे का?" माझंच आहे म्हटल्यावर तो हसला, आणि मला हवे होते ते २एन३९०४ नंबरचे ट्रान्झिस्टर नाहीत म्हणून बीसी५४७ नंबरचे हातात ठेवले, "सेमच आहे, डोळे झाकून लावा." मी लावले. स्विच बंद असला की गिटार स्वच्छ वाजायची आणि दाबला की डबीत माशी अडकल्यासारखा आवाज. मग एका वाद्यांच्या दुकानात रिपेअरिंगला दिलं, त्यांनी तीन आठवडे ठेवून घेतलं, आणि परत दिलं तेव्हा स्क्रूवर मी लावलेली टेप जशीच्या तशी. उघडलंच नव्हतं! वर सल्ला, असल्या भानगडीत पडू नका, रेडीमेड घ्या. मला अजून येत नाही हे मला मान्यच होतं हो, पण न उघडता कसं ठरवलं यांनी? तो राग अजून गेलेला नाही माझा.

तुमचं नाव सुचवलं ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नवऱ्याने, तो लालबागच्या एका बेंजो पार्टीत वाजवतो, म्हणाला आमच्या सगळ्यांचे पिकअप आणि अँप काकाच बघतात. मे महिना, दुपारचे अडीच, त्या एवढ्याशा गाळ्यात तुम्ही, मी, माझी गिटार आणि डोक्यावर तो घरघर करणारा पंखा. तुम्ही स्टूल पुसून दिलंत, "ताई, बसा," म्हणालात आणि विचारलंत, "आवाज नेमका कसा यायला हवा?" दोन महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मी सांगायला लागले, की गिटारचा सिग्नल इतका वाढवायचा की लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो, अमेरिकेत एका स्टुडिओतल्या बिघडलेल्या मिक्सरमधून तसा आवाज निघाला होता आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने माएस्ट्रो या नावाने तो पेडलमध्ये भरून विकायला काढला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बेंजोवाले माझ्याकडे येतात आवाज फाटतो म्हणून. तुम्हाला फाडून हवाय. ठीक, बघू."

आणि मग तुम्ही उठून पंखा बंद केलात.

मला आधी कळलंच नाही कशासाठी. "बारीक आवाज आहे ना, ऐकू यायला पाहिजे नीट," एवढंच बोललात. घामाने तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता, कपाळावरून थेंब टेबलावर पडत होते, आणि तुम्ही मान वाकडी करून माझ्या त्या माशीला कान देत होतात. पुढचं जे काही झालं ना काका, ते सगळं या एका गोष्टीच्या मागून आलं असं मला वाटतं.

कुठपर्यंत आवाज नीट येतोय ते शोधायला तुम्ही एका वायरला १०४ नंबरचा छोटा कपॅसिटर डाग देऊन जोडलात, दुसरं टोक अँपला, आणि ती वायर माझ्याच हातात दिलीत. मी गिटारच्या तारा छेडायच्या कशा, तर एका हाताने मोकळ्याच, आणि दुसऱ्या हाताने इनपुटपासून एकेका जागी टोक टेकवत जायचं. ट्रान्झिस्टरला तीन पाय, एमिटर, बेस आणि कलेक्टर; पहिल्याच्या बेसवर, म्हणजे आवाज आत जातो तिथे, छान, कलेक्टरवर, जिथून बाहेर येतो तिथे, गेलं की जीव गेलेला. तुम्ही भिंग लावून नंबर वाचलात आणि कागदाच्या पुडीवर पेनाने दोन ट्रान्झिस्टर काढून दाखवलेत. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर २एन३९०४ चे डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर आणि बीसी५४७ चे बरोबर उलटे. म्हणजे डोळे झाकून लावले तिथेच घात झाला. मी पेडल तुमच्याकडे सरकवलं तर तुम्ही आयर्न माझ्याकडे सरकवलंत, "तुमचं आहे, तुम्हीच काढा." माझा हात थरथरत होता, बोर्डवरची तांब्याची एक पट्टी उचकटली पण, तुम्ही काही बोलला नाहीत, कापलेल्या पायाचा तुकडा शोधून दिलात जोडायला. दोन्ही ट्रान्झिस्टर फिरवून लावले, ९ व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्याच्या कलेक्टरला मीटरने हवे तसे, जवळपास निम्मे, ४.६ व्होल्ट दाखवले आणि मी ई ची जाडी तार वाजवली.

शेजारचा झेरॉक्सवाला उठून बघायला आला होता, आठवतंय ना?

पैसे किती तर तीस रुपये. मी वाद घातला, तुम्ही ऐकलं नाहीत. काका, हुशार माणसं या शहरात पायलीला पन्नास आहेत, पण समोरच्याचं काम कितीही छोटं असो, त्याला कान देणारी माणसं अशी गल्लीच्या टोकाला चार बाय सहाच्या गाळ्यात बसलेली असतात आणि त्यांच्यामुळेच आमच्यासारख्यांचं शिकणं चालू राहतं. ती वायर माझ्या टेबलाजवळ खिळ्याला टांगलीय, ती पुडी पण जपून ठेवलीय.

दुसरं पेडल बनवायला घेतलंय, बूस्टर, म्हणजे नुसता आवाज वाढवणारं, एकच ट्रान्झिस्टर. यावेळी पाय तीनदा तपासले. झालं की घेऊन येते तुम्हाला ऐकवायला, पण पंखा चालू ठेवायचा, आवाज आता पंख्याच्या वर जातो.

तुमची,
गिटारवाली ताई