गुलाबाचं फूल पोचलं, आता मास्तर पाठवा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार. मी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत पिठाची गिरणी चालवतो आणि आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. अध्यक्ष म्हणजे फार काही नाही. शाळेच्या टाकीत पाणी नसलं की माणसं मला हाक मारतात, एवढंच.

16 जूनला प्रवेशोत्सव झाला. तालुक्याहून साहेब आले. पहिलीच्या तीन पोरांना गुलाबाची फुलं दिली, पावलांचे ठसे घेतले, फोटो काढले. चहा पिताना मला म्हणाले, "सहावी-सातवीच्या मास्तरांची काळजी सोडा अध्यक्ष, मी बघतो." बाराव्या दिवशी मास्तरांच्या समायोजनाची, म्हणजे दुसऱ्या शाळेत हलवण्याची, ऑर्डर आली. साहेबांनी बघितलं म्हणायचं.

कारण काय, तर पट. 15 मार्च 2024 चा तुमच्या खात्याचा शासन निर्णय आहे, सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षक शून्य. आमची नऊ आहेत. नऊ पोरांना शून्य मास्तर, हे गणित आमच्या एखाद्या पोरानं वहीत मांडलं असतं तर कानाखाली बसली असती. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात पाचवीपर्यंत साठ मुलांना दोन शिक्षक आणि सहावीच्या पुढं वर्गाला किमान एक, असं छापलंय. कायदा संसदेनं केला, निर्णय मंत्रालयानं काढला. मग मोठं कोण, तेवढं कळवा.

आता पैशांचं. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये संयुक्त अनुदान. यात खडू, झाडू, फिनेल, दुरुस्ती, वीजबिल सगळं भागवायचं. आणि ते तरी वेळेवर यावं? मार्चमध्ये वायरमन मीटर काढून घेऊन गेला. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही तेव्हापासून मुख्याध्यापकबाईंच्या जुन्या साडीखाली झाकून ठेवलाय. मे महिन्यात गिरणीच्या गल्ल्यातून 4,860 रुपये भरून मी मीटर परत आणला. त्यावरून घरात काय झालं ते लिहीत नाही.

आणि तुमची सुंदर शाळा स्पर्धा! राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला 51 लाख. जिची आधीच रंगरंगोटी झालीय तिला 51 लाख आणि जिचं पत्रं गळतंय तिला दहा हजार. वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा राज्यात होत्या, हा तुमच्याच खात्याचा 2023 मधला आकडा. प्रत्येकीला दहा हजार धरले तरी पंधरा कोटी होत नाहीत. एवढ्यात तुमच्या जाहिरातीचा एक महिना तरी निघतो का? पोरांच्या अंड्यासाठीचा जादा निधी सरकारनं 2025 च्या जानेवारीत बंद केला आणि अंडी लोकसहभागातून द्या म्हणाले. साहेब, लोक म्हणजे आम्हीच की. किती सहभाग घ्यायचा?

ऑर्डर आली त्या दिवशी मुलं मास्तरांच्या गाडीला अडवी बसली. मास्तर रडले. त्यांचा काय दोष? आता बाई एकट्या. पाचवीपर्यंतची सतरा मुलं एका खोलीत, पहिली-दुसरी भिंतीकडं तोंड करून. त्यात माहिती भरायची असली की बाई टेकडीवरच्या आंब्याखाली जातात, रेंज तिथंच येते. तोवर वर्ग पाचवीची पोरगी सांभाळते. मग वर्षाच्या शेवटी चाचणी घेता आणि ग्रामीण भागातली गुणवत्ता घसरली म्हणून बातमी. 'असर' या खेड्यापाड्यातल्या शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत देशातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या 44.8 टक्केच मुलांना दुसरीचा धडा वाचता आला. आमच्या पोरांनी तो धडा पाठ केला तरी नवल, कारण दुसरीचा धडा रोज सगळ्याच वर्गांच्या कानावर पडतो.

पट कमी का, हेही विचारा कधी. माझ्या वेळी या शाळेत पंचावन्न पोरं होती. एक मास्तर गेले, दुसरे आले नाहीत, चार घरांनी दुसऱ्या शाळेची पिवळी व्हॅन लावली, पट घसरला. पट घसरला म्हणून आणखी एक मास्तर गेले. पुढच्या खेपेला कुलूप लावाल आणि म्हणाल, गावकऱ्यांनाच शाळा नको होती.

माझी मुलगी या वर्षी सातवीत. हायस्कूल सहा किलोमीटर, मधे ओढा, वडापची जीप मिळाली तर बाजारच्या दिवशी. म्हणून तिला तालुक्याला आत्याकडं ठेवली. बारा वर्षांची पोर. रोज रात्री फोनवर विचारते, शेळी व्याली का. व्यायली त्याला चार दिवस झाले, मी अजून सांगितलं नाही. सांगितलं तर पिल्लू बघायला येते म्हणेल. बाकी आठांतल्या दोघी घरीच बसल्या. एकीच्या घरी तर स्थळाची भाषा सुरू झालीय.

शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. मी घालायला तयार आहे साहेब. दंड कुणी भरायचा?

2025 च्या जूनभर तुमच्या मुंबईत पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर रणकंदन झालं, शेवटी निर्णय मागे घेतले. चांगलं केलंत. पण आमच्याकडं दुसराच मास्तर नाही, तिसरी भाषा शिकवणार होतं कोण? आमदारांची पोरं या शाळेत नाहीत, साहेबांची नाहीत, मास्तरांचीसुद्धा नाहीत. असती तर ऑर्डर बाराव्या दिवशी आली नसती.

मागणी फार नाही. मास्तर परत द्या आणि अनुदान जूनमध्ये द्या, मार्चमध्ये नको. उत्तर "योग्य कार्यवाहीस्तव अग्रेषित" असं येणार असेल तर पोस्टाचे पैसे वाचवा.

आपला,
एका वाडीवरच्या शाळेचा अध्यक्ष

ता. क. पत्र लिहून होईस्तोवर शाळेचं पुढचं बिल आलं. 740 रुपये. मुदत 28 तारखेपर्यंत.