काकूंना घेऊन अंदमानला जातोयस म्हणून

रामबाग, इंदूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत होतास, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. तू एवढंच विचारलंस, "हॅवलॉक बेटावर स्वस्तात कुठे उतरू? एखादं नाव सांग." मी नाव सांगितलं नाही, ते मुद्दामच. काकू बरोबर नसत्या तर सांगून मोकळा झालो असतो. पण माझ्या आईला घेऊन गेलो तेव्हा जी चूक माझ्या हातून झाली, ती तुझ्या हातून होऊ नये असं फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

फेब्रुवारीत आम्ही तिघं गेलो होतो. निघण्याआधी मोबाईलवर खोल्यांची यादी काढली, सर्वांत कमी भाडं सर्वांत वर येईल अशी लावली, आणि पहिल्या पाचातली एक धरली. रात्रीचे ९०० रुपये. बांबूची झोपडी, भोवती सुपारीची झाडं, फोटो बघून हिलाही आवडली. ती होती बेटाच्या आतल्या अंगाला, राधानगरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नकाशात समुद्र बोटभर अंतरावर दिसत होता.

झोपडी स्वच्छ होती, माणसंही चांगली होती. त्यांचा काही दोष नाही. पहिल्या संध्याकाळी राधानगरला सूर्यास्त बघायला गेलो. आता एक गोष्ट ध्यानात घे. अंदमान आपल्या इंदूरपासून जवळजवळ १७ अंश पूर्वेला, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण तासाभर लवकर उगवतो आणि तसाच लवकर मावळतो. इंदुरात आपण चहा घेऊन बाहेर पडायच्या बेतात असतो, तेव्हा तिथे अंधार झालेला असतो. साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडाला, लोक उठले, आणि बघता बघता सगळ्या रिक्षा निघून गेल्या, कारण ज्यांनी जाऊन-येऊन ठरवल्या होत्या त्यांच्याच त्या होत्या. शेवटी आम्ही मोबाईलच्या उजेडात दोन किलोमीटर चालत आलो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, रस्त्यावर दिवा नाही. आई एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपडीच्या तीन पायऱ्या उतरताना तिने माझा खांदा घट्ट धरला, तेव्हा मला कळलं.

दोन दिवसांत खोलीचे १,८०० झाले आणि रिक्षांचे २,६००. जेवायला बाजारात जायचं तर रिक्षा, औषधाला रिक्षा, समुद्र दिसायला रिक्षा. तिसऱ्या दिवशी सामान उचललं आणि गोविंदनगरच्या बाजाराजवळ एका बंगाली कुटुंबाच्या घरामागच्या खोल्यांत आलो. भाडं १,६००. तिथून पुढे रिक्षा जवळजवळ लागलीच नाही. म्हणून सांगतो, खोलीचं भाडं नंतर बघ. आधी त्या खोलीपासून बाजार पायी किती, पाणी पायी किती आणि जेट्टी किती लांब, ते बघ.

हॅवलॉक डोळ्यांसमोर आणायचं तर असं. उत्तरेला जेट्टी. तिथून पूर्व किनाऱ्याने खाली आलास की दोनेक किलोमीटरवर गोविंदनगर, म्हणजे ३ नंबर. बाजार, दवाखाना, छोटी जेवणघरं सगळं तिथेच. पुढे विजयनगर, ५ नंबर, आणि त्याच्याही पुढे समुद्राला लागून जाणारा रस्ता काळापत्थरला पोचतो. राधानगर म्हणजे ७ नंबर, ते पश्चिमेला, जेट्टीपासून बाराएक किलोमीटर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे जमिनी दिल्या, तेव्हाच्या वस्त्यांचे हे नंबर. रिक्षावाला अजूनही नंबरच बोलतो, नावं नाही.

तुझं बजेट बघता ३ आणि ५ यांच्या मधल्या पट्ट्यात घे. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूची खोली महाग पडते, समोरच्या बाजूची बरीच स्वस्त, आणि फरक असतो तो रस्ता ओलांडण्यापुरता. त्यासाठी दीडपट पैसे देऊ नकोस. राधानगरला जायला जेट्टीकडून सरकारी बस आहे. फेऱ्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेव. नाहीतर त्या एका दिवसापुरती रिक्षा जाऊन-येऊन ठरव.

पूर्वेच्या किनाऱ्याबद्दल कोणी आधी सांगत नाही ते सांगतो. फोटोत विजयनगरचं पाणी हिरवंनिळं, अगदी झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं दिसतं. तो भरतीचा फोटो. ओहोटीला तोच समुद्र लांब मागे सरकतो आणि मधे खडक, प्रवाळाचे तुकडे नि चिखल उघडा पडतो. काकूंना पाण्यात पाय सोडून बसायचं असेल तर तिथे ओहोटीला बसता येणार नाही, आणि धारदार प्रवाळावर पाय ठेवायला तर मुळीच देऊ नकोस. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पोचल्या पोचल्या घरमालकाला त्या दिवसाची वेळ विचार, त्यांना ती तोंडपाठ असते. राधानगरला खाली वाळू आहे, पाय टेकतो, पण मगरीच्या सूचनांच्या पाट्याही आहेत, तेव्हा शिट्टी वाजली की बाहेर यायचं.

ॲपवर खोली दिसली तरी एकदा फोन करच. दोन मिनिटांच्या बोलण्यात जे कळतं ते दहा फोटोंत कळत नाही. बेटांवरची वीज मुख्यतः डिझेलच्या जनरेटरवर, ती जाते. म्हणून विचार, वीज गेल्यावर पंखा चालतो का. एसीचं सोड, पंखा हवाच. मग पाण्याचं. गोडं पाणी बहुतेक पावसाचं, उन्हाळा जवळ येईल तशी ओढ लागते. कमोड आहे का आणि पायऱ्या किती, हे काकूंसाठी. मच्छरदाणी आहे का. आणि भाडं कर धरून की वेगळा. ज्या घरात या प्रश्नांची उत्तरं न कंटाळता मिळतील तिथे उतर.

मच्छरदाणीवरून आठवलं. गोविंदनगरच्या घरातल्या बाईंना सगळे बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. रात्री नऊला त्या स्वतः येऊन आईची मच्छरदाणी गादीखाली खोचून द्यायच्या. एकेक कोपरा, वरून हात फिरवून, एकही घडी सुटलेली नाही ना ते बघत. आईला बंगाली येत नाही, बौदींना मराठी नाही, दोघींची हिंदी आपापल्या वळणाची, पण तासन् तास बोलत बसायच्या. वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि खाज चार दिवस जात नाही. त्यावर खोबरेल चोळून बाहेर पडायचं हेही बौदींनीच सांगितलं.

पोर्ट ब्लेअरला फार रात्री घालवू नकोस, पण एक गोष्ट नक्की कर. राहायची जागा अबर्डीन बाजाराजवळ घे, सेल्युलर जेलला चालत जाता येईल अशी. काकूंना सावरकरांची कोठडी बघायचीय हे तू म्हणालास, माझ्या आईचंही तेच होतं. ती लहानपणापासून ऐकत आलेली. १९११ ते १९२१, दहा वर्षं. आम्ही सकाळी गेलो, जिने सावकाश चढलो. कोठडी लहानशी, वर छताजवळ एक झरोका. आई आत भिंतीला हात लावून उभी राहिली. मी घाई केली नाही. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होता, तोही तिला बघायचा होता. राहायला जवळ असल्यामुळे दुपारी येऊन तिने झोप काढली आणि संध्याकाळी पुन्हा चालत गेली. लांबची स्वस्त खोली घेतली असती तर दोनपैकी एकच बघणं झालं असतं.

बुकिंग करताना नावांत गोंधळू नकोस. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप झालं ते २०१८ मध्ये, नेताजींनी अंदमान-निकोबारसाठी सुचवलेली नावं. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजय पुरम. कुठे जुनं नाव दिसेल, कुठे नवं. शोधताना दोन्ही टाकून बघ, कधीकधी एका नावाखाली नसलेली खोली दुसऱ्या नावाखाली सापडते.

सात रात्री असतील तर माझ्या मते पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक दोन, नील तीन, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र कितीही जिवावर आली तरी वगळू नकोस. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि विमान तुझ्यासाठी थांबत नाही. आमच्या शेजारच्या खोलीतलं कुटुंब असंच अडकलं होतं, नवी तिकिटं काढताना त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. सरकारी बोट खाजगीपेक्षा बरीच स्वस्त, वेळ थोडा जास्त, हॅवलॉकला सव्वादोन-अडीच तास. काकूंना बोट लागत असेल तर मात्र पैशांकडे बघू नकोस.

नीलला तीन रात्री का, हे तू विचारशीलच. बेट एवढंसं की सायकलवर फिरून होतं. जेट्टी, बाजार आणि भरतपूरचा किनारा एकमेकांना लागून, म्हणजे बाजाराजवळ खोली घेतलीस की काकू एकट्याही पाण्यापर्यंत जाऊन येतील. शिवाय तिथे भाजीपाला पिकतो, आसपासच्या बेटांवर जातो. शाकाहारी माणसाचे हॅवलॉकला थोडे हाल होतात, नीलला आईला रोज ताजा दुधी, ताजी वांगी मिळाली. लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सीतापूरला सूर्योदय. नैसर्गिक पूल बघायला मात्र ओहोटीच गाठावी लागते, आणि वाट खडकांची आहे. तिथे काकूंना नेऊ नकोस, तू आणि वहिनी जाऊन या.

रात्री मात्र आपल्या इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाण्याची सवय विसर. अकराला उठून गरम काही खायला जाऊ, असं तिथे नाही. आठ-नऊला बाजार मिटतो. पण नीलच्या आमच्या ओसरीवर दिवा मालवला की पाठीवर शंख घेऊन चालणारे खेकडे यायचे. लहान, मोठे, एखादा लिंबाएवढा. फरशीवर त्यांच्या शंखांचा खरखर आवाज यायचा. आई खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि मोजायची. एका रात्री एकोणतीस मोजले. अजूनही कोणी अंदमानचं विचारलं की आधी जेल सांगते आणि मग ते एकोणतीस.

राहता राहिला दिवसांचा प्रश्न. नाताळची सुट्टी म्हणतोयस, ती टाळता आली तर टाळ. २० डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याच खोल्यांचे भाव कुठच्या कुठे जातात, आणि बोटीची तिकिटंही मिळत नाहीत. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी बघ, समुद्र शांत असतो. तुला वडोदऱ्याहून विमान बदलावं लागणारच, चेन्नई किंवा कोलकात्यावरून जे स्वस्त पडेल ते घे, पण पोर्ट ब्लेअरला दुपारच्या आत पोचशील असं बघ.

तारखा ठरल्या की कळव, बौदींचा नंबर देतो आणि माझ्याकडून फोनही करतो. काकूंसाठी शेव आणि परमल, म्हणजे कुरमुरे, घेऊन गेलास तर बोटीवर उपयोगी पडतील. भाचा येत्या रविवारी वडोदऱ्याला येतोय. आईने काकूंसाठी मेतकुटाचा डबा भरून ठेवलाय, त्याच्याच हाती पाठवतो. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझाच,
रामबागेतला