सर्व्हर बंद झाला म्हणून खेळाचे जग का संपावे?

संपादक महोदय,

हजारो खेळाडू एकाच आभासी जगात वावरतात असे ऑनलाइन खेळ कंपनीने सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा मध्यवर्ती संगणक, बंद करताच थांबतात. डिसेंबर २०११ मध्ये ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘सिटी ऑफ हीरोज’ हे खेळ असेच बंद झाले, आणि खेळाडूंनी वर्षानुवर्षे जोपासलेली पात्रे त्यांच्या हातून गेली. अशा वेळी सर्व्हरचा खर्च परवडत नाही, हे कारण हमखास पुढे येते. परंतु सर्व्हरचे बरेचसे काम खेळाडूंच्या संगणकांवर वाटून देणारी पिअर-टू-पिअर रचना नवी नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये ‘सिममड’ हा छोटा खेळ या पद्धतीने उभारून ४००० खेळाडूंपर्यंतचे प्रयोग मांडले होते.

हजार खेळाडूंपैकी प्रत्येकाने आपली हालचाल उरलेल्या ९९९ जणांना सेकंदाला दहा वेळा कळवायची ठरवली, तर सेकंदाला सुमारे एक कोटी संदेश निघतील आणि साध्या घरगुती जोडणीवर मोठा ताण येईल. मात्र खेळाडूला प्रत्यक्षात आसपासचे मोजकेच जण दिसत असतात. म्हणून ‘सिममड’मध्ये जगाचे विभाग पाडले होते, खेळाडूची हालचाल त्याच विभागातील इतरांना कळे, प्रत्येक विभागाची जबाबदारी एका संगणकाकडे असे आणि तो मध्येच बंद पडल्यास काम पुढे चालावे म्हणून माहितीची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवलेली असे.

खरी अडचण फसवणुकीची आहे, आणि ती कमी लेखणे योग्य होणार नाही. इतरांच्या चाली येईपर्यंत थांबून, त्या पाहून मग आपली चाल पाठवणारा खेळाडू जाळे संथ असल्याची बतावणी सहज करू शकतो. त्यावर उपाय असा, की प्रत्येकाने आधी आपल्या चालीचा केवळ हॅश, म्हणजे चालीवरून गणिताने काढलेला पण चाल उघड न करणारा सांकेतिक ठसा, पाठवावा आणि सर्वांचे हॅश पोहोचल्यावरच मूळ चाल उघड करावी. मग ती बदलता येत नाही. त्यासाठी संदेशांची एक फेरी वाढते व खेळ किंचित मंदावतो. याशिवाय खेळाडूंचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरील त्यांच्या जोडणीचे क्रमांक, एकमेकांना उघडे पडतात, हा धोकाही आहेच.

त्यामुळे सर्व्हर पूर्णपणे काढून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. खाती, मालमत्ता आणि व्यवहार त्याच्याकडे राहावेत. हालचाली आणि संभाषण खेळाडूंच्या संगणकांमधून थेट व्हावे. असा हलका सर्व्हर कंपनीने खेळ सोडल्यानंतर खेळाडूंच्या गटालाही चालवता येईल. तो त्यांच्या हाती देण्याची तरतूद खेळ विकतानाच करारात असावी आणि ग्राहक संरक्षणाचे नियम ठरवणाऱ्यांनी ती बंधनकारक करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक