समुद्रकाठच्या घरांचे मूळ मालक

ब्रायटन, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

केम्प टाउनमधली ही एकसारखी, पांढरी, उंच घरे मुळात कोणाची, असे बाबांनी मागच्या पत्रात विचारले होते. त्यांची सारी नोकरी फेरफार तपासण्यात गेली असल्यामुळे वरवरचे उत्तर देणे बरे वाटेना. म्हणून सवडीने लिहिते आहे.

थॉमस रीड केम्प या जमीनदाराने १८२३ मध्ये समुद्रालगतच्या आपल्या जमिनीवर ही वसाहत उभारायला घेतली. त्याने बांधल्या त्या केवळ दर्शनी भिंती आणि छपराखालचा सांगाडा. आतल्या खोल्या, जिने, शेकोट्या ज्याने घर घेतले त्याने स्वखर्चाने करून घ्यायच्या, असा व्यवहार होता. गिऱ्हाईक मिळेना, त्यामुळे कित्येक घरे वर्षानुवर्षे पोकळ उभी राहिली, आणि कर्जात बुडालेला केम्प १८३७ मध्ये देश सोडून फ्रान्सला गेला. बाहेरून जुळी दिसणारी दोन शेजारघरे आतून अगदी निराळी असतात, ती या पहिल्या मालकांमुळे.

पुढचे मालक शोधणे मात्र कठीण आहे. मिडलसेक्स आणि यॉर्कशायरमध्ये अठराव्या शतकापासून दस्तांची नोंदणी होत असे; ब्रायटन ज्या परगण्यात येते त्या ससेक्समध्ये तशी सोय नव्हती. मालकी सिद्ध व्हायची ती घरमालकाच्या किंवा त्याच्या वकिलाच्या पेटीतल्या खतांवरून. असे एक खत मी इथल्या अभिलेखागारात पाहिले. मेंढीच्या कातड्यावर लिहिलेले, वरची कड नागमोडी कापलेली, तळाशी लाल लाखेची मोहोर, आणि मजकुरात एकही विरामचिन्ह नाही. दस्ताच्या दोन प्रती एकाच कातड्यावर लिहून मधून अशा वेड्यावाकड्या कापत, म्हणजे पुढे वाद झाला तर कडा जुळवून खरेखोटे करता येई. मेंढीच्या कातड्यावर खाडाखोड केली तर डाग लपत नाही, हाही त्यातला फायदा.

अशा खतांत आधीच्या मालकांची हकिगत ओळीने दिलेली असते. परंतु १९२५ च्या मालमत्ता कायद्याने विक्रीच्या वेळी फार मागे जाण्याची गरज कमी केली आणि जुनी खते अडगळ ठरली. कित्येक रद्दीत गेली, काहींच्या तर दिव्यांच्या शेड केल्या. कायदा सोपा झाला हे चांगलेच, पण शंभर वर्षांची साखळी अशी तुटावी याचे मला फार वाईट वाटते.

आई, तुला विशेष सांगायचे ते बायकांविषयी. १८८२ च्या कायद्यापर्यंत विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर बहुतांशी नवऱ्याचा ताबा चाले. म्हणून त्याआधीच्या खतांत बाई स्वतःच्या नावाने दिसते ती प्रायः विधवा किंवा अविवाहित. एरवी श्रीमंत बाप मुलीचा हिस्सा विश्वस्तांच्या नावे ठेवी. त्यामुळे घर ज्यांचे, ते नाव कागदावर असेलच असे नाही. उलट जनगणनेत आणि रस्तावार छापलेल्या निर्देशिकांत दिसतो तो राहणारा, आणि तो पुष्कळदा भाडेकरू. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याखेरीज घराचा इतिहास लागत नाही.

आज बहुतेक घरांचे फ्लॅट झाले आहेत. जमिनीची मूळ मालकी एकाकडे आणि फ्लॅट दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दुसऱ्याकडे, अशी येथील रीत. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकांना एकत्र येऊन मूळ मालकी विकत घेण्याचा हक्क मिळाला. विक्रीनंतर मालकीची सरकारदरबारी सक्तीची नोंदणी देशभर लागू झाली ती थेट डिसेंबर १९९० मध्ये, आणि त्याच महिन्यापासून शुल्क भरून कोणालाही मालकाचे नाव पाहता येऊ लागले. त्याआधी मालकाचीच परवानगी लागे, हे वाचून बाबांना नवल वाटेल.

१९१० च्या सुमारास करआकारणीसाठी झालेल्या पाहणीच्या वह्या लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत मालक, भाडेकरू, भाडे आणि खोल्या घरवार नोंदलेल्या आहेत. पुढच्या महिन्यात त्या पाहून आमच्या रस्त्याची पाने उतरवून पाठवते. बाबांनी ती तपासून कळवावे.

तुमची लेक