यादीत आहे, तरी सापडत नाही

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयासाठी जावामध्ये लिहितोयस तो प्रोग्रॅम वाचला. पुस्तक यादीत आहे, तरी 'यादीत आहे का?' हे सांगणारी कंटेन्स मेथड फॉल्स, म्हणजे 'नाही', देते म्हणून तू वैतागलायस. पण जावा अगदी बरोबर वागतेय रे.

ॲरेलिस्टची, म्हणजे तुझ्या यादीची, कंटेन्स पहिल्यापासून एकेक पुस्तक घेते आणि तू शोधायला दिलेल्या ऑब्जेक्टची इक्वल्स मेथड वापरून दोन्ही ताडून बघते. तुझ्या पुस्तक क्लासमध्ये इक्वल्स नाहीच, म्हणून मूळच्या ऑब्जेक्ट क्लासमधली चालते. ती एवढंच बघते, की मेमरीतला हा तोच ऑब्जेक्ट आहे का? तू तर शोधताना न्यू लिहून दुसराच बनवलास. मग नाव, लेखक, दाखल क्रमांक सगळं जुळूनही काय उपयोग!

इक्वल्स तुलाच लिहावी लागेल. त्याआधी ठरव, दोन पुस्तकं एकच कधी मानायची? मला विचारशील तर सगळी मेख इथेच आहे, कोड जेमतेम दहा ओळींचा. आयएसबीएन, म्हणजे आवृत्तीला मिळणारा छापील क्रमांक, धरलास तर एकाच आवृत्तीच्या तिन्ही प्रती एकच ठरतील आणि कुठली प्रत कोणाच्या घरी गेली, पत्ता लागणार नाही. दाखल क्रमांक धर. तो प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो आणि सहसा बदलत नाही.

पॅरामीटर मात्र ऑब्जेक्ट टाइपचाच ठेव. पुस्तक टाइपचा दिलास तर ती निराळीच मेथड होते, कंटेन्स तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि कंपायलरही गप्प राहतो. मेथडच्या वरच्या ओळीत ओव्हरराइड (@Override) लिहिलंस की तो लगेच चूक दाखवतो. हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्टवरून काढलेला आकडा, तोही त्याच क्रमांकावरून काढ, नाहीतर पुढे त्या आकड्यावरून शोधणारा हॅशसेट वापरलास की पुन्हा हेच रडगाणं.

आता 'अमुक लेखकाचं काय काय आहे?' असं वाचक विचारतात, त्यासाठी इक्वल्सला हात लावू नकोस. तो शोध वेगळा. जावा 8 पासून, म्हणजे 2014 पासून, स्ट्रीम आहेत, म्हणजे यादी एकेक करून चाळायची सोय. फिल्टरला लेखकाची अट दे, जुळणारी सगळी पुस्तकं मिळतील. एकच हवं असेल तर फाइंडफर्स्ट. ती ऑप्शनल, म्हणजे रिकामीही असू शकेल अशी डबी, देते, त्यामुळे काहीच सापडलं नाही तर काय करायचं याचा विचार तिथल्या तिथे होतो. आणि लेखकाचं नाव दोन बरोबर चिन्हांनी (==) ताडू नकोस. स्ट्रिंगलाही, म्हणजे मजकुरालाही, इक्वल्सच लागते.

बदललेला क्लास पाठव, हॅशकोड मी नीट बघतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिकेत