वाक्यात कर्ता कोण, ते ऐका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मन्या शनिवारी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय, आणि तो बोलेल त्यातलं खरं किती धरायचं, असं तुम्ही विचारलंत. खरं-खोटं राहू दे. आधी वाक्यात कर्ता कोण आहे ते ऐका.

आपली मराठी यात फार सोय करून देते. गर्दची पुडी ‘लागते’, व्यसन ‘जडतं’, टर्की (नशा न मिळाल्यावरची तडफड) ‘येते’, काही केल्या ‘सुटत नाही’. सगळं आपोआप घडतं आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा. हा निव्वळ कांगावा नव्हे, शरीराची मागणी खरीच असते. पण एखाद्या दिवशी ‘मी जाऊन आणली’ असं साधं वाक्य येईल. तेव्हा ओरडू नका. त्या ‘मी’साठीच तर हा सगळा खटाटोप.

न विचारता आलेलं ‘नाही’ही टिपा. ‘बाबांच्या रागापायी नाही हं ओढत मी.’ रागाचा विषय काढला कोणी? मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या १९२५ च्या नकारावरच्या छोट्या निबंधाचा गाभा हाच: दडपलेली गोष्ट ‘नाही’ची झूल पांघरून बाहेर येते. (हेच गृहस्थ १८८४ मध्ये कोकेनचे गोडवे गात होते, ते असो.) पण बाबा, ‘आज घेतली नाही’ म्हणजे घेतलीच, हा अर्थ फ्रॉइडचा नव्हे, पोलिसांचा.

‘का ओढलीस?’ याची उत्तरं त्याला पाठ असतात: टेन्शन, दोस्त, नोकरी. गाळलेली जागा विचारा. ‘कामावरून निघालो, मग झालं’, यातल्या ‘मग’मध्ये तास-दीड तास असतो. कोणाचा फोन आला, कुठल्या गल्लीत वळला, पैसे कुठून आले. एका वेळी एकच प्रश्न. आणि आई, तो गप्प बसला तर तूही गप्प बस.

‘कसंतरी होतंय’ म्हणाला तर ‘वाईट वाटतंय का?’ असा तयार शब्द हातात देऊ नका. पुष्कळ व्यसनी माणसांना भावना आणि शरीराची कळ वेगळी करून सांगताच येत नाही. मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्नियॉस यांनी १९७० च्या दशकात याला अलेक्सिथायमिया हे नाव दिलं. छातीत होतंय की पोटात, कधीपासून, एवढंच विचारा.

एका वाक्याचा मात्र अर्थ लावत बसू नका: ‘पूर्वीइतकीच घेतली.’ काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय उतरते आणि जुनीच मात्रा श्वास थांबवू शकते. ओठ निळसर, श्वास मंद किंवा घरघरता, हाक मारून जाग नाही, असं दिसलं तर ताबडतोब १०८ ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा आणि एकटं सोडू नका.

तुमची,
लेक